उभा तिरंगा

माझी धाकटी बहीण आयर्लंडमध्ये नर्स होती. तिथंच तिनं लग्न केलं आणि तिथंच गेल्या उन्हाळ्यात ती गेली. पोटाचा कॅन्सर. कळला तोवर फार पसरला होता. अप्पांना, म्हणजे आमच्या वडिलांना, या वयात व्हिसा काढून एवढा प्रवास झेपणारा नव्हता, आणि त्यांना एकटं टाकून मलाही जाता आलं नाही. आई आमची पूर्वीच गेलेली, माझा नवरा मुंबईला कामाला. तिचा अंत्यविधी आम्ही बापलेकींनी फोनवर पाहिला. मध्येच चित्र अडकलं, आणि परत आलं तेव्हा शवपेटीसमोर पडदा ओढून झाला होता.

आपल्या अस्थी गावच्या खाडीत सोडायच्या, असं तिनं नवऱ्याला सांगून ठेवलं होतं. म्हणून तो ऑगस्टमध्ये आला.

आमचं घर पावसच्या अलीकडे, डांबरी रस्त्यापासून थोडं आत. मागे हापूसची कलमं, पुढे पडवी, आणि पडवीत माझं शिवणाचं मशीन. लग्नानंतर एकदा हिवाळ्यात ती दोघं येऊन गेली होती, तेव्हापासून गावात तो 'गोरा जावई'. उंच इतका की आमच्या दारातून येताना कपाळ आपटून घ्यायचा. मला ती ताई म्हणायची म्हणून तोही ताईच म्हणायचा. या वेळी रत्नागिरी स्टेशनवर उतरला तेव्हा बाकीचं सामान पाठीवर होतं आणि एक पेटी दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. मी ती घ्यायला हात पुढे केला, तर तो नुसता मान हलवत राहिला.

भटजींनी आधीच सांगितलं होतं, अस्थी घरात आणायच्या नाहीत. आम्ही आंब्याच्या पेट्या ठेवायच्या खोपीत फळी पुसून जागा केली होती. त्यानं पेटी तिथं ठेवली आणि स्वतः शेजारी एका उलट्या क्रेटवर बसला. चहाला बोलावलं तरी उठेना. बाहेर पाऊस लागलेला. शेवटी अप्पा छत्री घेऊन गेले, पेटी उचलली आणि सरळ घरात चालत आले.

"भटजी काय म्हणतील?" मी विचारलं.

"ती या घरात जन्मली. तिला बाहेर कोण ठेवणार?" अप्पा म्हणाले, आणि पेटी तिच्या जुन्या खोलीत टेबलावर ठेवली.

अप्पा शाळामास्तर होते. आख्ख्या नोकरीत त्यांनी जपलेली गोष्ट कुठली म्हणाल तर शाळेचा झेंडा. त्याची घडी कशी घालायची, दोरी कशी बांधायची, हे मुलांकडून पुन्हा पुन्हा करून घ्यायचे. छातीवर लावायचा कागदी तिरंगा डाव्या बाजूलाच हवा, आणि कमरेखाली कुठेही नाही. पंधरा ऑगस्टचा कार्यक्रम संपला की रस्त्यावर पडलेले कागदी झेंडे वेचत घरी यायचे. निवृत्त झाल्यावरही दरवर्षी शाळेत जातात. जावई नेमका त्याच आठवड्यात आल्यामुळे हेडमास्तर बाई घरी येऊन दोघांनाही बोलावून गेल्या.

अप्पांच्या मनात आलं की जावयानंही झेंडा लावावा, त्याचा स्वतःचा. मला म्हणाले, "त्या देशानं तिला नोकरी दिली, घर दिलं, नागरिक करून घेतलं. त्याचा मान आपण करायला हवा. तू एक सदरा शिव."

मी पांढऱ्या सुती कापडाचा सदरा शिवला. माप त्याच्याच एका शर्टावरून घेतलं. खिशावर त्यांचा झेंडा भरायचा होता. तोही तिरंगाच, फक्त पट्टे उभे. हिरवा काठीच्या बाजूला, मग पांढरा, मग नारिंगी. फोनवर दहादा बघून साखळी टाक्यानं भरला. धागे माझ्याकडे होतेच. भरताना मला ती सारखी आठवत होती. नागरिकत्व मिळालं त्या दिवशी तिनं फोन केला होता, "ताई, मला नवीन काही पाठच करावं लागलं नाही गं. आपलाच झेंडा उभा करून घेतला की झालं!" आणि किती हसली होती.

चौदा तारखेला दुपारी मी सदरा त्याच्या हातात दिला. त्यानं घडी उलगडली. खिशावरून अंगठा फिरवला. चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला.

"फार सुंदर आहे, ताई," तो म्हणाला. पुन्हा नीट घडी घातली आणि आत नेऊन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तयार होऊन पडवीत आला तेव्हा अंगात साधा निळा शर्ट होता. अप्पांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मला वाईट वाटलं. मनात आलं, अंगाला बसला नसेल; मग वाटलं, आमचं गावठी काम आवडलं नसेल. अप्पा छत्री उघडून पुढे निघाले.

शाळेत मुली ताटात कागदी झेंडे आणि टाचण्या घेऊन फिरत होत्या. एकीनं धीर करून त्याच्यासमोर ताट धरलं. तो गुडघ्यावर बसला, तिनं आपला तिरंगा त्याच्या शर्टाला लावला, आणि त्यानं तिला हात जोडले. सगळ्यांना फार कौतुक वाटलं. अप्पांचा चेहरा मात्र मी बघत होते. झेंडावंदन झालं, राष्ट्रगीत झालं, मुलांना गोळ्या वाटल्या.

घरी आल्यावर पडवीत पाय धुता धुता त्यांनी विचारलं, अगदी मास्तरच्या आवाजात, "आमचा झेंडा लावून घेतलात. मग स्वतःच्या देशाचा का नको? लाज वाटते का त्याची?"

तो इंग्रजीतच बोलायचा. मी मराठीत सांगते आहे. म्हणाला, "लाज नाही. पण आमच्याकडे कपड्यांवर तो कोणी घालत नाही."

"असं कसं? खेळाच्या मॅचला तर सगळे घालून बसलेले असतात. टीव्हीवर दाखवतात की."

"मॅचला घालतात. मार्चमध्ये आमचा सण असतो, तेव्हा मुलं गालावर रंगवतात. एरवी नाही."

अप्पांना ते पटलं नाही. टॉवेल खांद्यावर टाकून ते आत गेले.

दुपारी मी स्वयंपाकघरात फणसाच्या उकडलेल्या आठळ्या सोलत बसले होते. तो आला, खाली बसला, आणि एक एक आठळी घेऊन सोलायला लागला. सोलता सोलता म्हणाला, "ताई, सदरा मी घरी घेऊन जाणार आहे. तो घालता आला नाही, त्याला कारण तुमचं काम नाही."

मग त्यानं सांगितलं. त्याचं गाव सीमेला लागून. सीमेपलीकडे, अजून इंग्रजांकडेच असलेल्या उत्तरेच्या भागात, त्याची मावशी राहायची. तो लहान होता तेव्हा तिकडे दंगे, बॉम्ब, रोज माणसं मरायची. कोणी कुठला झेंडा मिरवला त्यावरून तो कुठल्या बाजूचा ते ठरायचं. मावशीकडे जायला निघाले की त्याची आई मुलांना ओळीनं उभं करायची आणि प्रत्येकाच्या कॉलरवरून, खिशांवरून हात फिरवायची. कुठे बिल्ला, फीत, काही राहिलं नाही ना. त्याचा मामा एकदा कोटावरचा बिल्ला काढायला विसरला. त्याला रस्त्यात अडवून इतकं मारलं की पुढे त्याला एका कानानं कधी ऐकूच आलं नाही.

"आमच्यात झेंडा शवपेटीवर घालतात," तो म्हणाला. "सैनिक असला, देशासाठी काही केलेला माणूस असला, तर. एरवी आम्ही आपापल्या काउंटीचे, म्हणजे जिल्ह्याचे, रंग घालतो. आमचा निळा-पांढरा. तिनंसुद्धा तो टी-शर्ट किती वापरला."

मी म्हटलं, "मला हे काही माहीत नव्हतं. तिनं कधी सांगितलं नाही."

त्यानं हातातली आठळी खाली ठेवली. "ती आणखीही बरंच सांगायची नाही."

ती आजारी पडायच्या आधी त्यांच्या भागात कोणीतरी रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांना त्यांच्या देशाचे झेंडे बांधले. एका रात्रीत सगळा रस्ता भरला. सकाळी ती कामावर निघाली तर खूश. त्याला म्हणाली, आज मॅच आहे का रे? त्यानं काय सांगायचं? ते झेंडे मॅचचे नव्हते. बाहेरून आलेली माणसं नकोत म्हणणाऱ्यांनी ते लावले होते. दोन दिवस तो गप्प राहिला. मग बसस्टॉपवर कोणीतरी तिला ओरडून 'घरी जा' म्हणालं, तेव्हा तिला आपोआप कळलं.

"मग?" मी विचारलं.

"मग तिनं दुकानातून एक बिल्ला आणला. आमच्या झेंड्याचा. छोटासा. आणि कोटाला लावला. रोज. हॉस्पिटलला जाताना, भाजी आणायला जाताना. मी म्हटलं, काढ तो, इथं कोणी लावत नाही. खूप वाद झाला आमचा. माझ्यासमोर आई उभी राहायची, कॉलरवरून हात फिरवणारी. आणि ही तर मुद्दाम लावून बाहेर जात होती." तो थांबला. "ती म्हणाली, तू इथला आहेस हे तुझ्या तोंडावर लिहिलंय. माझ्या तोंडावर नाही लिहिलेलं. मला ते कोटावर लिहावं लागतं."

बाहेर पन्हळीतून पाण्याची धार पडत होती, तिच्याकडे मी बघत राहिले. ज्या मुलीनं या स्वयंपाकघरात कोणाचं म्हणून ऐकून घेतलं नाही, ती कोटाला टाचणी लावून बाजारात जात होती. आणि आम्हाला रविवारी फोनवर हवा कशी आहे ते सांगत होती.

"आजारी पडेपर्यंत तो कोटावर होता," तो म्हणाला. "अप्पांना सांगू नका, ताई. त्यांना वाटतं ती तिथं सुखात होती."

मी हो म्हटलं. त्या संध्याकाळी अप्पांनी मला दोनदा विचारलं, काय बोलत होतात एवढा वेळ? मी म्हटलं, त्याच्या लहानपणाचं. ते खोटं नव्हतं.

अस्थिविसर्जन दुसऱ्या दिवशी होतं. भटजींनी भरतीची वेळ बघून सकाळीच बोलावलं होतं. पाऊस थांबला होता, पण खाडी गढूळ आणि चढलेली. धक्क्याच्या खालच्या पायऱ्या पाण्यात गेल्या होत्या. मंत्र झाले. पेटीतली पिशवी अप्पांनी आणि त्यानं दोघांनी मिळून धरली. पाण्यात सोडल्यावर तिचं काही दिसलंच नाही. फुलं तेवढी थोडा वेळ काठाशी घुटमळली आणि मग आतल्या अंगाला, वर सरकत गेली.

भटजी पुढे गेले. अप्पा चिऱ्याच्या पायरीवर तसेच बसून राहिले, धोतराचा सोगा भिजलेला. तो त्यांच्या शेजारी बसला. मी वरच्या पायरीवर होते.

अप्पांनी त्याच्याकडे न बघता विचारलं, "एक खरं सांगा. ती सुखी होती?"

मला वाटलं, तो हो म्हणेल. म्हणावं, असंही वाटलं.

"घरात होती," तो म्हणाला.

अप्पांनी आयुष्यभर मुलांची उत्तरं ऐकलेली. दिलेल्या उत्तरातून काय गाळलंय ते त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी मान हलवली, पुन्हा हलवली. मग त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "घरात तरी होती ना." आणि रडायला लागले. फोनवरच्या अंत्यविधीलाही रडले नव्हते. तोही रडला. दोघं एकमेकांना धरून बसले होते, आणि धक्क्यावर जाळी उलगडायला आलेली माणसं आम्हाला बघून परत लांब जाऊन उभी राहिली.

तो गेला. स्टेशनवर अप्पा आले होते. गाडी सुटताना त्याच्या शर्टाची कॉलर वाकडी झाली होती ती त्यांनी खिडकीतून हात घालून सरळ केली. आता रविवारी तोच फोन करतो. दोघांना एकमेकांशी काय बोलायचं ते फारसं सुचत नाही, पण फोन ठेवतही नाही कोणी.

या दिवाळीनंतर शेजारच्या वाडीतले एक गृहस्थ अप्पांना भेटायला आले. मुलीनं नर्सिंग केलंय, तिला आयर्लंडचीच नोकरी चालून आली होती. आमच्या धाकटीचं बघूनच तिनं हा कोर्स घेतला होता. पूर्वी असं कोणी आलं की अप्पा मोबाईलमधले फोटो काढून बसायचे, तिचं घर, तिची बाग, बर्फात उभी असलेली ती.

"मास्तर, पाठवू काय पोरीला?" त्यांनी विचारलं. "तुम्ही सांगाल तसं."

या वेळी अप्पांनी मोबाईलला हातही लावला नाही. मी मशीन थांबवलं.

"तिला जायचं असेल तर जाऊ दे," ते म्हणाले. "अडवू नका. पण फोनवर ती बरी आहे म्हणाली ना, की तिथं थांबू नका. पुन्हा विचारा. बाहेर पडलीस की कशी असतेस, असं विचारा."

त्या गृहस्थांना ते नीट कळलं नसावं. होय होय म्हणाले, चहा घेतला, पेढ्यांचा पुडा ठेवून गेले. मुलगी फेब्रुवारीत जाणार आहे. तिच्यासाठी गरम कपड्यांच्या आत घालायचे कुर्ते माझ्याकडेच शिवायला आलेत. सगळे साधे आहेत, कशावर काही भरायचं नाही.