फ्रिजवरची आजी

तुमच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या दारावर चुंबकाने अडकवलेला एक फोटो आहे. हिरवं लुगडं, डोक्यावरून पदर, मागे कडुलिंबाचं खोड. ही तुमची वरवंडची आजी, तुमच्या आईची आई, असं तुम्हाला सांगितलेलं आहे. प्रत्यक्षात ती तशी दिसत नाही. फोटो मी, तुमच्या शिरूरच्या आजीने, काढला आणि मीच पाठवला, तेव्हा हे लिहिणंही माझ्याच वाट्याला येतं. थोरलीने धाकट्याला वाचून दाखवावं. कुठे अडलं तर आईला विचारावं. तिला सगळं ठाऊक आहे.

तुमच्या बाबाने नवा फोन पाठवला तेव्हा मी खूश झाले होते. जुन्या फोनवर अक्षरं इतकी बारीक, की ‘क’वर बोट ठेवावं तर ‘ख’ उमटायचा. कॅमेरा असा, की माणूस धुक्यात उभा आहे असं वाटावं. नव्याचा कीबोर्ड ऐसपैस. तोंडाने बोललं तरी तो मराठीत लिहून घेतो, आणि दोन शब्द लिहिले की तिसरा स्वतःच पुढे करतो. मागच्या बाजूला तीन कॅमेरे.

मला तुम्ही ओळखता. माझ्या मसाल्याच्या डब्यांवर चिठ्ठ्या असतात आणि चादरी घड्या करून रंगावर लावलेल्या असतात. फोनही तसाच लावून घेतला. शिरूरच्या घरी दुपारी चष्मा लावून बसले आणि एकेक सेटिंग वाचत गेले. त्यात कॅमेऱ्यापाशी ‘चेहरा नितळ करा’ अशी एक पट्टी होती. ती बोटाने सरकवून स्वतःचा फोटो काढून पाहिला. गालावरचे वांग गेले, डोळ्यांखालचं काळं गेलं, गळ्यावरच्या सुरकुत्या निम्म्या झाल्या. मी इंग्रजी शाळेत शिकले, पुढे नोकरीभर इंग्रजी शिकवलं, रूपावर जाऊ नये या विषयावरचे निबंध तपासून लाल शाईच्या बाटल्या संपवल्या. तरी पट्टी टोकापर्यंत सरकवली आणि तिथेच राहू दिली.

वरवंडच्या आजीकडे बटणांचा मोबाईल आहे. त्या म्हणतात, हिरवं बटण दाबलं की लेक येते, तांबडं दाबलं की लेक जाते, याहून जास्त मला काय करायचंय. व्हिडिओ कॉल करायचा तर मी फोन घेऊन तिकडे जाते. शिरूरहून एसटीने न्हावरा, मग भीमेचा पूल ओलांडून चौफुला, आणि तिथून वरवंड अगदी जवळ. जुन्या फोनवर तुम्हाला त्या कधी धड दिसल्याच नाहीत. एक पदर हलायचा आणि आवाज यायचा, तेवढंच.

मागच्या वेळी तुम्ही आलात तेव्हा धाकटा कडेवरचा होता. आजीने हात पुढे केले की तो आईच्या मानेत तोंड खुपसायचा आणि रडायचा. निघेपर्यंत त्यांच्याकडे गेलाच नाही. चारचौघांत त्या हसल्या. “कोकरूबी चार दिसांत मानूस वळखतं, ह्ये तर आमच्या लेकीचं हाय, वळखंल,” म्हणाल्या. पण नंतर मी जेव्हा जेव्हा गेले तेव्हा बोलणं फिरून फिरून तिथेच यायचं. या सुट्टीत तुम्ही येणार हे कळलं त्या दिवशी तर त्यांनी मला चहासुद्धा घेऊ दिला नाही.

“विहीणबाई, तुमचा नवा मोबाईल लई शाना हाय म्हणत्यात. मग माझा एक फोटू काढा त्यात, आन् धाडा पोरास्नी. लेकीला सांगा, रोज दाव. दूध पिताना दाव, झोपताना दाव. आल्यावर आईमागं दडाय नको.”

“पोरं मोठी झाली आता. नाही दडायची.”

“तुमचं काय जातंय बोलाय. तुमच्या मांडीवर बसतंय त्ये. रडतंय ते मला बघून.”

मग त्यांनी तोंड धुतलं, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं, ताजं कुंकू लावलं आणि अंगणातल्या कडुलिंबाखाली येऊन अशा उभ्या राहिल्या, जणू आता कोणी राष्ट्रगीत लावणार आहे.

“थोडं हसा,” मी म्हटलं.

“दात चार ऱ्हायल्यात. त्ये बी दावू?”

“चार तर चार. दाखवा.”

“तुमच्यातलं खरं किती हायेत, त्ये सांगा आधी.”

माझी कवळी आहे हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. मी हसले, त्या हसल्या, आणि तेवढ्यात मी फोटो काढला. त्यांनी तो बघायला घेतला, पण उन्हात पडद्यावर काही दिसेना. “चांगला आला का?” त्यांनी विचारलं. मीही नीट न बघताच छान आला म्हणून सांगितलं. निघताना त्यांनी दोनदा बजावलं, खाली लिवा, पोरांनू, ही मी तुमची आजी हाय, मला वळखा.

चौफुल्याला बस बदलली. खिडकीशी जागा मिळाली, तेव्हा मी फोटो उघडला.

वरवंडच्या आजीच्या चेहऱ्यावर गोंदण आहे. दोन भुवयांच्या मधून वर गेलेली उभी रेघ, तिच्या टोकाशी तीन ठिपके, डाव्या गालावर एक ठिपका, आणि हनुवटीवर एकाखाली एक असे दोन. रंग हिरवट निळा, वयाबरोबर थोडा पसरलेला. त्यांच्या लहानपणी घरच्या मेंढ्या होत्या आणि वर्षातला बराच काळ सगळं बिऱ्हाड मेंढ्यांमागे रानोमाळ असायचं. बाजारात, जत्रेत पोरं चुकायची. चुकलंच तर कुणाचं ते कळावं म्हणून त्यांच्या आईने जत्रेत गोंदणारणीसमोर बसवून हे करून घेतलं होतं. तुमच्या आईबाबांच्या लग्नात त्यांनीच मला हे सांगितलं होतं. गोंदताना तीन बायकांनी धरून ठेवलेलं, आणि नंतर गूळ दिलेला.

फोटोत यातलं काहीही नव्हतं. कपाळ कोरं, गाल कोरा, हनुवटी कोरी. फोनने सगळे डाग समजून काढून टाकले होते. पट्टी कुणी सरकवली होती ते मला माहीत होतं.

परत जाऊन दुसरा फोटो काढता आला असता. वरवंड अजून फार मागे पडलं नव्हतं आणि उन्हं उतरलेली नव्हती. तेही सोडा, पुढच्या खेपेपर्यंत थांबता आलं असतं. मी फोटो बोटांनी मोठा केला आणि माझ्या मनात आलं, किती स्वच्छ दिसतायत. तुमच्याकडे येणारे-जाणारे फोटो बघतील हेही मनात आलं. त्यांचा निरोप लिहायला घेतला तर कीबोर्डने एकामागून एक शब्द पुढे केले आणि मी ते घेत गेले. ‘ही तुमची आजी. लवकरच भेटू.’ त्यांनी सांगितलेलं ‘मला वळखा’ राहूनच गेलं. पुलावर येण्याआधी फोटो गेलासुद्धा.

तुमच्या आईचं उत्तर आलं, ‘छान आलाय.’ स्वतःच्या आईबद्दल ती एरवी पानभर लिहिते. एवढंच का, असं मला वाटायला हवं होतं. वाटलं नाही. नंतर बाबाने कळवलं की फोटो छापून फ्रिजवर लावलाय आणि धाकटा रोज त्याला गुड नाईट म्हणतो. मी हे वरवंडला फोन करून सांगितलं. त्यांनी, “रोज म्हणतंय?” असं दोन वेळा विचारलं.

पुढच्या खेपेला मी नव्या फोनवरून कॉल लावला. व्हिडिओला ती पट्टी लागत नाही, आणि चित्र तर आरशासारखं. त्या चुलीपासून उठून आल्या आणि फोन दोन्ही हातांनी धरून बसल्या. पलीकडे धाकट्या, तू होतास. तू त्यांच्याकडे बघितलंस, मग मान वळवून फ्रिजकडे बघितलंस, पुन्हा त्यांच्याकडे.

“आई, ही फ्रिजवरची आजी नाहीये. हिच्या तोंडाला काहीतरी लागलंय.”

तुझी यात काहीच चूक नाही. तू जे पाहिलंस ते बोललास.

“काजळी लागली आसंल बाळा, चुलीम्होरं व्हते,” त्या म्हणाल्या. तांब्यातल्या पाण्यात पदराचं टोक भिजवून त्यांनी हनुवटी पुसली. कपाळ पुसलं. “गेलं का आता?”

“नाही.”

त्यांनी आणखी जोरात पुसलं. मी शेजारीच बसले होते, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. तुमची आई, “आये, अगं राहू दे,” म्हणत होती, तेवढ्यात तू फ्रिजवरचा फोटो काढून आणलास आणि पडद्यासमोर धरलास. त्यांनी डोळे बारीक केले.

“ही कोन?”

“वरवंडची आजी,” तू म्हणालास.

त्यांनी पदराचं ओलं टोक बोटांत तसंच धरून ठेवलं. मग, “व्हय, मीच हाय ती,” म्हणाल्या आणि शाळेचं विचारू लागल्या. पण तू थोरलीच्या मागे जाऊन उभा राहिला होतास. शेवटी तुझा एक कान तेवढा दिसत होता.

मी शिरूरला पोचायच्या आत तुमच्या आईचा मेसेज आला होता. ‘आई, मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. तुम्हाला सगळं नीटनेटकं लागतं, तेव्हा ते मुद्दामच काढलं असेल असं वाटलं. म्हणून विचारलं नाही.’ रागाचा एक शब्द नव्हता. इतकी वर्षं ती माझी सून आहे आणि माझ्याबद्दल तिला हे वाटू शकलं. वाटलं तेही फार चुकीचं नव्हतं. उत्तराच्या जागेवर फोनने तयार शब्द मांडून ठेवले होते, ‘ठीक आहे’, ‘धन्यवाद’, ‘काही हरकत नाही’. मी त्यातला एकही दाबला नाही. पाठवलेला फोटो काढून टाकायला गेले. फोन म्हणाला, आता तो फक्त तुमच्या फोनमधून काढता येईल, त्यांच्या नाही. मग ती पट्टी शून्यावर आणली आणि स्वतःचा एक फोटो काढला. तो मी ठेवला आहे. बघायला आवडत नाही.

त्यानंतर वरवंडला जायला मी वेळ लावला. एकदा गुडघ्याचं कारण सांगितलं, एकदा पाहुण्यांचं. गेले तेव्हा त्या ओट्यावर सुपात बाजरी निवडत होत्या. मान वर केली आणि मला कळेना काय बदललंय. मग कळलं. कपाळाला, गालाला, हनुवटीला पावडर थापलेली. सावळ्या चेहऱ्यावर पांढरे पट्टे, आणि त्याखालून निळसर रेघ तरीही दिसतच होती.

“लावा फोन,” त्या म्हणाल्या. “दुकानातनं डबी आनली. आता भ्यायचं न्हाई ते. येतील तवाबी लावीन, चार दिस काय जड हायेत?”

मी खाली बसले. “विहीणबाई, तुमच्या तोंडाला काही लागलं नव्हतं. फोटोतून तुमचं गोंदण फोनने काढलं. त्यात तसं एक सेटिंग असतं. ते मी चालू ठेवलं होतं.”

“आसं व्हय,” त्या म्हणाल्या. बाजरीतला एक खडा उचलून बाजूला टाकला. “आन् तुम्हाला कवा कळलं?”

नंतर कळलं, असं म्हणता आलं असतं.

“चौफुल्याला. बसमध्ये. पाठवायच्या आधी.”

त्यांचा हात सुपात थांबला.

“आन् तरी धाडला.”

“हो.”

“म्हंजी मोबाईलचा काय दोष न्हाई.”

“नाही.”

त्यांना ओरडताना मी पाहिलं आहे, शेजाऱ्यांशी कडाकडा भांडतानाही पाहिलं आहे. त्यातलं काही झालं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी सूप माझ्या मांडीवर ठेवलं आणि हौदावर गेल्या. साबण लावून तोंड धुतलं. पुन्हा धुतलं. मला खडे काही दिसेनात, तरी मी बाजरी निवडत राहिले.

परत आल्या त्या पाणी निथळत. “काढा फोटू.”

“आधी तोंड पुसून घ्या,” मी सवयीने म्हटलं.

“आता कायबी पुसायचं न्हाई. काढा.”

मी काढला. तो त्यांच्यापुढे धरला, सावलीत, नीट दिसेल असा. रेघ, तीन ठिपके, गालावरचा एक, हनुवटीवरचे दोन. त्यांनी बोट लावून एकेक पाहिलं. खाली काय लिहू, असं मी विचारलं. “तुम्ही नगा लिवू,” त्या म्हणाल्या. मग मी आवाज पाठवायचं बटण दाबून धरलं आणि त्या स्वतः बोलल्या, “पोरांनू, आधीची न्हाई, ही मी हाय. मला वळखा.” कॉल नको म्हणाल्या. चहा दिला, पण समोर बसल्या नाहीत.

थोरले, फ्रिजवरचा पहिला फोटो काढून टाक आणि हा छापून लाव. खालीच लाव, धाकट्याच्या उंचीला. आणि धाकट्या, या फोटोत आजीचा चेहरा ओला आहे आणि ती हसत नाही. रागावलेली दिसते, म्हणून भिऊ नकोस. फोटो काढताना ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.