तिसऱ्या दिवसाचा वायदा

उत्रोलीच्या रखमाजी सुताराचा ‘उद्या’ कुठल्याच कॅलेंडरात सापडायचा नाही. त्याला कुणी पाळणा सांगितला की शेजारीपाजारी बाळाच्या बापाला सल्ला द्यायचे, "त्यापरीस शाळंचा बाक सांग की! तवर पोरगं पहिलीत जाईल." रखमाजी स्वतःही त्यात हसायचा. हात मात्र असा की त्यानं बसवलेलं दार तीस पावसाळे खाऊनही कधी फुगून अडलं नाही.

म्हणूनच एस्तेर रणपिसे सिस्टरांनी आपलं काम त्याला बारा वर्षं आधी सांगितलं.

सिस्टर सरकारी नर्स. गावातली निम्मी माणसं जन्मल्या जन्मल्या त्यांच्या हातात उलटी लटकून रडलेली. त्यामुळं पुढं सरपंच झालेला माणूसही त्यांच्यापुढं फार ताठ उभा राहू शकत नसे. निवृत्त झाल्या तरी त्या गावातच राहिल्या. एका रविवारी भोरहून प्रार्थना आटोपून आल्या, त्या तडक रखमाजीच्या पडवीत शिरल्या आणि अर्ध्या झालेल्या पाटावर बसल्या.

"रखमाजी, माझ्या कबरीवर उभा करायला एक क्रूस करायचाय."

रखमाजीचा रंधा जागीच थांबला. "आवं शिष्टर, काय बोलताय? चांगल्या धडधाकट हाय की तुमी."

"म्हणून तर आत्ता सांगते. तुमचा वायदा मला ठाऊक आहे. आज सांगितलं तर कुठं मी मरेपर्यंत होईल."

रखमाजीनं माळ्यावरचं जुनं साग काढलं. उभं लाकूड साडेचार हात, आडवं दोन हात. मापं घेता घेता त्याला राहवलं नाही.

"एक इचारू? राग मानू नका. ज्या खांबावर तुमच्या देवाला खिळं मारलं, त्योच खांब तुमी उशाशी उभा करता. आमी तर मानूस ज्या झाडावरनं पडून मेला, ते झाडबी ठेवत न्हाई."

"त्या काळी ती गुन्हेगाराला मारायची रीत होती, आपल्याकडच्या फाशीसारखी," सिस्टर म्हणाल्या. "त्या खांबाकडं बघायलासुद्धा माणसं भ्यायची. आमच्या देवानं आमच्यापायी तेच मरण अंगावर घेतलं. मग आता त्याला काय भ्यायचं? आणि नीट बघा, आमचा क्रूस रिकामा असतो. त्याला खाली उतरवलं, पुरलं, आणि सांगितल्याप्रमाणं तिसऱ्या दिवशी तो उठला. अजून एक सांगू? तुमचाच भाऊबंद होता तो. धंद्यानं सुतार."

रखमाजीनं पेन्सिल कानावर ठेवली. "तिसऱ्या दिवशी येतो म्हनला?"

"हो."

"आन तिसऱ्याच दिवशी आला?"

"आला."

"मग शिष्टर, त्यो सुतार न्हवता. तुमच्या पुस्तकात कायतरी घोटाळा झालाय."

सिस्टर इतक्या हसल्या की पाटावरून सरकून भुशात बसल्या. पुढं कितीतरी दिवस त्या हा विनोद भोरच्या पाळकांपासून एसटीच्या कंडक्टरपर्यंत सगळ्यांना सांगत होत्या.

त्यानंतरच्या वैशाखात रखमाजीचा धनाजी गेला.

धनाजी एकुलता एक, सव्वीस वर्षांचा. वायरमनचं काम शिकला होता. बापाच्या उलट, शब्दाचा पक्का. ‘आलो’ म्हटलं की आला. वळवाच्या वाऱ्यात भोरच्या सडकेकडेच्या विजेच्या डांबावरची तार सुटली. कुणाची तरी विहिरीवरची मोटार बंद होती, म्हणून तो ‘आलो’ म्हणून चढला. तार जिवंत होती. वरच्या आडव्या लोखंडाला त्याचे दोन्ही हात पसरून अडकले आणि मान छातीवर पडली. प्रवाह बंद करून माणसं शिडी घेऊन येईपर्यंत दीड तास गेला. साळूबाई, त्याची आई, तो सगळा वेळ डांबाखाली उभी होती. रखमाजीनं ओढलं, बायकांनी ओढलं. ती हलली नाही. खाली उतरवल्यावर धनाजीचं डोकं सिस्टरांनी मांडीवर घेतलं. नाडी त्यांना पहिल्या क्षणीच कळली होती, तरी आईसाठी त्या बराच वेळ ती बघत राहिल्या.

तेरावा झाल्यावर सिस्टर घरी आल्या. रखमाजी भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "शिष्टर, तुमचा देव तिसऱ्या दिवशी उठला. माज्या पोरानं काय केलं व्हतं?"

सिस्टर त्याच्याशेजारी जमिनीवर बसल्या. त्या एवढंच म्हणाल्या, "येशूची आईसुद्धा क्रूसाखालीच उभी होती, रखमाजी. तिलाही कुणी घरी नेऊ शकलं नाही."

त्या दिवसापासून नवराबायको भोरला जाताना सडकेनं गेली नाहीत. भाताच्या खाचरांच्या बांधावरून, पाय घसरत, वळसा घालून जायची. आणि क्रूसाची लाकडं माळ्यावर परत गेली. आडवं लाकूड उभ्यावर ठेवलं की रखमाजीला डांब दिसायचा.

हे गावाला काय माहीत? गावाचा विनोद चालूच होता. "शिष्टर, झाला का न्हाई तुमचा खांब?" सिस्टर मात्र रखमाजीला दर सणाला विचारायच्या, "कसं चाललंय?" तो म्हणायचा, "उद्या, शिष्टर." त्या म्हणायच्या, "सावकाश. मला घाई नाही." अकरा वर्षं.

परवा सोमवारी पहाटे सिस्टर गेल्या. झोपेतच गेल्या. सकाळी त्यांची भाची शेफाली पडवीत आली. डोळे सुजलेले.

"काका, चार वाजता दफन आहे. क्रूस न्यायला टेम्पो पाठवू का? आत्या सांगून ठेवायची, रखमाजींनी कधीचाच करून ठेवलाय म्हणून."

रखमाजीनं माळ्याकडं पाहिलं. बाईनं मरेपर्यंत त्याची लाज झाकली होती.

"हाय की," तो म्हणाला. "शेवटचा हात फिरवायचा राहिलाय. म्याच आनतो चारला."

लाकडं खाली काढली. धूळ पुसली. काटकोनाचा गुण्या लावून आडवं लाकूड उभ्यावर ठेवलं, आणि पेन्सिल टेकवली की पुन्हा डांबच दिसायला लागला. दहा वाजले, बारा वाजले. एक रेघ ओढून झाली नाही. साडेतीनला तो टोपी घालून बांधावरून भोरकडं निघाला, हात हलवत.

ओढ्याकाठच्या त्या लहानशा दफनभूमीत तो सगळ्यांच्या मागं उभा राहिला. पाळकांनी प्रार्थना म्हटली. मातीच्या उशाशी पत्र्याची पाटी खोचली, तिच्यावर घाईनं रंगवलेलं नाव. कुणीतरी कुजबुजलं, "शेवटपोतर ताटकळत ठिवली बाईला." शेफालीनं वळून रखमाजीच्या रिकाम्या हातांकडं पाहिलं. त्याच्या तोंडून सवयीनं एकच शब्द निघाला.

"उद्या."

तो शब्द त्याचा त्यालाच इतका लागला की घरी आल्यावर त्यानं पाणीसुद्धा घेतलं नाही.

मंगळवारी सकाळी साळूबाई पडवीत आली. त्याच्यासमोर फतकल मारून बसली आणि आडवं लाकूड दोन्ही हातांनी धरलं.

"मारा पटाशी. म्या धरलंय."

"साळे, मला बघवत न्हाई त्ये."

"मग डोळं मिटून मारा. डोळं मिटून ‘उद्या’ तुमी आख्ख्या गावाला दिलाय, एका बाईला ‘आज’ दिला तर काय झालं?"

रखमाजी हसायला गेला, आणि अकरा वर्षांचं सगळं एकदम वर आलं. साळूबाईनं हातातलं लाकूड सोडलं नाही. तो रडून झाल्यावर तिनं नुसतं हनुवटीनं पटाशीकडं दाखवलं.

दोन्ही लाकडांत अर्धी अर्धी खाच पाडून त्यानं ती एकमेकांत बसवली. केससुद्धा आत जाणार नाही असा सांधा. साळूबाईनं खिळ्यांचा डबा पुढं केला.

"खिळं नगं," रखमाजी म्हणाला. "एकदा मारलं त्येवढं बास." आणि त्यानं लाकडाच्याच खुंट्या ठोकल्या.

बुधवारी सकाळी अंघोळ करून दोघं निघाली. तिसरा दिवस. आपल्याकडं तिसऱ्याला राख सावडायला जातात, मेलेल्याच्या आवडीचं काहीतरी घेऊन. सिस्टरांची राख नव्हती, पण रीत सोडवेना. साळूबाईनं थर्मासमध्ये दुप्पट साखरेचा चहा घेतला. सिस्टर साऱ्या गावाला साखर कमी करायला सांगायच्या आणि स्वतः तसला प्यायच्या.

रखमाजीनं क्रूस खांद्यावर घेतला. बुंधा मागनं साळूबाईनं उचलला. बांधाच्या तोंडाशी दोघं थांबली. खाचरांत भात लोंबीला आलेलं. आडवा दांडा दोन्हीकडच्या लोंब्या झोडपत जाणार, लोकांच्या तोंडचा घास मातीत पाडणार. रखमाजीनं मागं पाहिलं.

"सडकंनं," साळूबाई म्हणाली.

डांब आला तेव्हा रखमाजीनं मान खाली घातली. सडकेवरचं डांबर, स्वतःची बोटं, बोटांवर पडलेली क्रूसाची सावली, एवढंच बघत तो पुढं गेला. वाटेत एक टेम्पोवाला थांबला. "काका, टाका मागं. भोरला सोडतो."

"नगं बाबा. लई उशीर केलाय, आता चालतच जाऊ दे."

शेफाली कबरीपाशी फुलं ठेवत होती. तिनं खड्डा खणायला पहार आणली. झाड उगवतं तसं लाकूड उभं करायचं, बुंधा खाली आणि शेंडा वर, हे रखमाजीनं तिला तेवढं समजावून सांगितलं. माती दाबली. ओळंबा लावून पाहिला. क्रूस सरळ उभा राहिला, रिकामा.

साळूबाईनं कपात चहा ओतून मातीवर ठेवला. रखमाजीनं टोपी काढली.

"शिष्टर, तिसऱ्या दिवशी आलो," तो म्हणाला. या वाक्यावर सिस्टर भुशात घसरेपर्यंत हसल्या असत्या. ओढ्याचं पाणी वाजत होतं. चहावरची वाफ गेली, वर साय धरली.

परतताना हात मोकळे होते, बांधावरून जाता आलं असतं. साळूबाई सडकेला लागली. डांबाखाली येऊन ती थांबली, अकरा वर्षांपूर्वी उभी होती त्याच जागी.

"बघा वर," ती म्हणाली.

रखमाजीनं मान उचलली. एक उभा डांब, एक आडवं लोखंड, तारांवर दोन साळुंक्या. बाकी काही नव्हतं.

रिकामाच होता. सिस्टरांचा रिकामा आणि आपला रिकामा सारखाच असतो का, हे त्याला विचारायचं होतं. पण ज्यांना विचारायचं त्यांच्यापुढं तो आत्ताच चहा गार होऊ देऊन आला होता.

"चला," थोड्या वेळानं तो म्हणाला.

"तुमी व्हा पुढं," साळूबाई म्हणाली. "म्या हाय हितं जरा."

या खेपेला त्यानं तिला ओढलं नाही. तोही तिथंच उभा राहिला.