साउंडवाल्याची डबी

दोन हजार सालच्या आसपास मी ऑर्केस्ट्रात मेंडोलिन वाजवायचो. वायर लांब ओढली की स्पीकर घरघरायचा आणि मी साउंडवाल्यावर डाफरायचो. वारणानगरच्या कार्यक्रमात तिथल्या म्हाताऱ्या साउंडवाल्यानं विचारलं, "पावणं, डबी हाय का?"

मी फणकारलो, "तंबाखू खात न्हाय मी!"

साबणाच्या वडीएवढी लोखंडी डबी त्यानं माझ्या वायरीत जोडली आणि घरघर थांबली. तिला डीआय बॉक्स म्हणतात, हे मला तेव्हा कळलं.

तसली डबी घ्यायला कोल्हापुरात गेलो, तर दुकानदार मोठे, बटणांनी भरलेले बॉक्स दाखवत होता. आवाज बदलायच्या पायाखालच्या पेडलांच्या फळीवर मावेल असा सगळ्यात लहान मी उचलला.

"एवढ्यानं भागंल?" दुकानदारानं विचारलं.

"भागतंय की."

घरघर गेली, आणि माझ्या बोटांच्या चुका स्वच्छ ऐकू यायला लागल्या. आता डाफरायचं कुणावर?