बदामाचा वानोळा

लोक म्हणतात, "मजा हाय बाप्पा हिची, बदाम खाते!" असं म्हणणाऱ्याला महिनाभर माझ्या ताटावर बसवावं, असं फार वाटतं मला. आतड्याचं दुखणं निघालं तेव्हा डॉक्टरांनी स्टार्च बंद केला. म्हणजे गहू, ज्वारी, तांदूळ, बटाटा, सगळंच गेलं. "मंग साबुदाना चालत असंन ना?" हे माझ्या सासरी, मालेगावात भेटलेल्या प्रत्येक बाईनं मला विचारलंय. नाही चालत, बाई! उपास नाहीये हा, जन्मठेप आहे.

बेकिंग पावडरसुद्धा चालत नाही, तिच्यात मक्याचं पीठ असतं. म्हणून खायचा सोडा घ्यायचा. बदाम भिजवायचे, सोलायचे, खडखडीत वाळवायचे आणि मिक्सर थांबवत थांबवत दळायचे. जरा घाई केली की तेल सुटून लगदा झालाच. त्यात अंडी, दही घालून छोट्या ओव्हनमध्ये पाव भाजायचा. आमच्याकडच्या उन्हात तो दुसऱ्या दिवशीच खराब होतो. त्यामुळे लग्न असो की मयत, मी संध्याकाळच्या बसनं घरी. दावणीच्या गाईचं दावं तरी माझ्यापेक्षा लांब असेल.

माहेरी कामरगावला मायजवळ आठ दिवस राहावं, एवढंच मनात होतं; पण तिच्याकडे ना ओव्हन, ना मिक्सर. माय आता थकली आहे. फोनवर दर वेळी तिचं एकच, "मुक्कामाले कवा येतं व? तोंड दाखवतं अन् पळतं." मी काय सांगणार तिला?

शेवटी मी पातळ, कुरकुरीत पापड्या करायला घेतल्या. बदामाच्या पिठात जवसाची पूड, तूप, मीठ, जिरं घालायचं, दुधाच्या दोन पिशव्यांमध्ये ठेवून लाटायचं, सुरीनं चौकोन पाडायचे आणि ओल पार जाईपर्यंत मंद भाजायचं. आधी जळाल्या. मग ऐन भाजताना लाइट गेली. रडले मी, खरंच सांगते. पण जमल्या एकदाच्या, आणि आठवडाभर डब्यात तशाच कुरकुरीत राहिल्या. मग मोठा डबा भरला आणि निघाले.

माहेरी पोचल्यावर डबा चुलीजवळच्या फळीवर ठेवला. बसनं अंग आंबलं होतं म्हणून जरा पडले. उठले तर माय एकदम खुशीत.

"तुह्या पापड्या साऱ्यायले आवडल्या व! बादामाच्या हायेत म्हनलं, तं कोनाले इस्वासच नाही बसला."

लेकीनं सासरहून आणलेला वानोळा घरोघर वाटायचा, ही रीतच आहे. आजवर मी आणलेले लाडू, चिवडा मायनं असेच वाटले. तिचं काय चुकलं? पण तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"अवं माय, वानोळा नव्हता तो! माही भाकर होती! आता काय खाऊ मी? सकाळी पयल्या गाडीनं जातो."

मायनं डब्यात वाकून पाहिलं. तळाशी नुसता भुगा होता.  तिनं पदर डोक्यावर घेतला आणि ती बाहेर पडली. शेजारणीकडे बसून रडेल, रडू दे, ज्याचं जळतं त्यालाच कळतं, असं म्हणत मी पिशवी भरायला घेतली.

दिवेलागणीला माय परतली. दिलेला वानोळा आमच्यात कुणी परत मागत नाही. मागणाऱ्या घराची गावभर छी थू होते. माय दारोदार जाऊन मागून आली होती. माझ्यासमोर बसून तिनं पदराची गाठ सोडली. चार-दोन अख्ख्या पापड्या होत्या, बाकी तुकडे. एकीला कुणा लेकराचे दात लागलेले.

"कायी जनायनं खाऊन टाकल्या," ती म्हणाली. "एवढ्यात किती दिस राह्यशीन?"

एका वेळचंही जेवण नव्हतं ते.

"लय दिस पुरतीन, माय," मी म्हटलं.