विषाणू शेजारच्यांचा

हिंमतराव ढोमणे मूळचे विदर्भातल्या मोर्शीचे. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरी झाली. निवृत्तीनंतर त्यांनी औंध रस्त्यावरच्या ‘नवचंद्र’ सोसायटीत फ्लॅट घेतला आणि कुंपणालगत गावाकडचं संत्र्याचं कलम लावलं. पुण्यात संत्रं कसं लागतं हे सभासदांनी एकदा चाखून पाहिलं; पुन्हा कोणी मागितलं नाही. हिंमतरावांचा जीव मात्र त्या झाडात होता.

२००६च्या सुमारास आवारात माणसांपेक्षा मोटारी जास्त झाल्या. सेक्रेटरी दिग्विजय घोरपडकर आयटीतले. त्यांची दुसरी मोटार रस्त्यावर उभी राहायची. सभेत झाड तोडायचं ठरलं.

“पानं पिवळी पडलीत. तसंही मरणारच आहे,” दिग्विजय म्हणाले.

“पिवळा तर मीही पडलोय. माझ्या जागी निदान स्कूटर मावेल,” हिंमतराव म्हणाले.

झाड बरं होईल का, हे पाहायला त्यांनी कारखान्यातले जुने सोबती करीमभाई यांच्या मुलीला बोलावलं. सुमय्या वनस्पतींच्या विषाणूंवर संशोधन करत होती. फांदी घेऊन गेली, महिन्याभराने आली.

“काका, ट्रिस्टेझा आहे. लिंबूवर्गातला जुनाच विषाणू. पण याची जनुकं गमतीची आहेत. एक तुकडा विदर्भातल्या नमुन्यांशी जुळतो, दुसरा इकडच्या लिंबांतल्यांशी. दोन प्रकार एकाच झाडात भेटले आणि त्यांचा जोड झाला. असा नमुना आमच्याकडे नाही.”

“झाड जगेल का?”

“सौम्य असेल तर वर्षानुवर्षं. तोडू देऊ नका.”

“देणारा मी कोण?”

नमुना जिथला, तिथलं नाव त्याला द्यायची रीत असते. सुमय्याने नोंद केली : नवचंद्र-१, पुणे. ती नोंद दिग्विजयांना इंटरनेटवर सापडली. तातडीची सभा भरली; सुमय्यालाही बोलावलं.

“उद्या गिऱ्हाईक फ्लॅट शोधायला सोसायटीचं नाव टाकणार आणि समोर व्हायरस!” दिग्विजय कडाडले. “शेजारच्या ‘सप्तमंजिरी’चं नाव द्या की.”

“झाड ज्यांच्या जागेत, त्यांचंच नाव,” सुमय्या म्हणाली.

दिग्विजयांनी नकाशा काढला, टेप लावली. ‘नवचंद्र’ने बांधलेली कुंपणाची भिंतच दोन फूट पलीकडे सरकलेली निघाली. बुंधा सप्तमंजिरीच्या हद्दीत! टाळ्या वाजल्या. ठराव एकमताने झाला : सदर झाड, त्यातील विषाणूसह, या सोसायटीच्या मालकीचे नाही. ‘विषाणूसह’ हा शब्द हिंमतरावांनी सुचवला. सुमय्याने नोंदीतलं नाव बदललं.

सोमवारी आधीच सांगून ठेवलेला करवतवाला आला. दिग्विजय गालावर साबणाचा फेस घेऊनच धावले.

“हात लावू नका! ते आमचं नाही!”

“मग कोणाचं? त्यांना विचारून तोडतो.”

“विचारा ना,” झाडाला पाणी घालत हिंमतराव म्हणाले. “ते येतील, भिंतही बघतील.”

दिग्विजयांनी करवतवाल्याला चहा पाजून परत पाठवलं.