ट्रेलरच्या दाराची आतली बाजू

आमच्या ट्रेलरचे किस्से आता इतके साठलेत, की घरी नवीन पाहुणा आला की नवरा चहाच्या आधी तेच काढतो. तेही तीन तोंडांनी! नंदू सुरू करतो, बापट मध्ये घुसतो आणि सावंत भाऊजी हातवारे करून शेवट करतात. त्यात "मग शोभा जी भडकली!" हे वाक्य हमखास येतं, आणि पाहुणे सगळ्यात जास्त तिथेच हसतात. म्हणून आज मी सांगणार. हसायचं तर हसा, मी हसणार नाही.

*

नंदू माझा नवरा. बापट आमचा कॉलेजपासूनचा दोस्त, विम्याच्या ऑफिसात. सावंत भाऊजींची साकीनाक्याला वेल्डिंगची शेड आहे आणि एक म्हातारी जीप. डोंगरात तंबू ठोकून कंटाळा आला, तेव्हा सावंतांनी एका कारखान्याने भंगारात काढलेला मालाचा ट्रेलर मिळवला. पूर्वी त्यातून पंख्यांची खोकी जायची. पत्र्याचा बंद डबा, दोन चाकं, मागे एकच दार. आम्ही आत बाकं ठोकली, गजांची एक खिडकी काढली, पिवळा रंग दिला आणि चारकोपला आमच्या बिल्डिंगसमोरच्या मोकळ्या प्लॉटवर तो उभा केला. झकास दिसत होता, खोटं कशाला बोलू.

पहिल्याच दिवशी मी दाराच्या आतल्या बाजूवरून हात फिरवला. सपाट पत्रा. कडी नाही, मूठ नाही, काही नाही. झोपताना म्हणे पत्र्याच्या भोकातून सुतळी ओवून बांधायचं!

"बाहेरून कोणी कडी लावली तर आतल्या माणसाने उघडायचं कसं?" मी विचारलं.

"वहिनी, पंख्यांनी असला कधी इचारल्यानी नाय!" सावंत म्हणाले.

तिघं पोट धरून हसले. मी पंखा नव्हते, पण हे सांगून काय उपयोग?

*

महिन्याभरात चोरी झाली. सकाळी बघतो तर दार सताड उघडं! नंदू धावत आत गेला. स्टोव्ह जागेवर, भांडी जागेवर, चादरी जागेवर. गेलं काय? कुलूप! पितळेचं होतं ना. चोराने आमचं बाकीचं सामान बघितलं आणि तसंच ठेवलं.

मला त्या चोराचा राग आला नाही. राग आला तो नवऱ्याचा. तो त्याच दिवशी दुप्पट मोठं कुलूप घेऊन आला.

"अरे, आता कुलूपच चोरतात, तर कुलूप मोठं कशाला?"

"तुला सिक्युरिटी कळत नाही, शोभा."

"आणि आतली कडी?"

"बघू ना!"

*

नव्या कुलपाला दोन चाव्या होत्या. एक नंदूकडे. दुसरी कुठे ठेवायची यावर बापटने अर्धा तास डोकं लावलं आणि ती "सगळ्यात सेफ" जागी ठेवली. पुढच्याच आठवड्यात नंदूने आपली चावी हरवली.

"नो प्रॉब्लेम!" बापट म्हणाला. "दुसरी आहे की."

"कुठे?"

"ट्रेलरमध्ये. बाकाखाली."

भर रविवारी, अख्ख्या सेक्टरसमोर, सावंत हॅक्सॉने कोयंडा कापत बसले. एका हवालदाराने येऊन विचारलं, "कोणाचा माल आहे?" बापट म्हणाला, "आमचाच." हवालदार म्हणाला, "सगळे असंच म्हणतात." शेवटी शेजारच्या जोशीकाकूंना साक्षीला बोलवावं लागलं. काकूंनी हवालदाराला सांगितलं, "चोर असते तर एवढा वेळ लागला असता का?"

*

मग सावंतांना चेव आला. त्यांनी शेडमध्ये जाड पट्टीची कडी बनवली. बाहेरून बोल्टची गुळगुळीत डोकी, पान्याला पकडायला जागाच नाही. नट सगळे आतल्या बाजूला.

"चोराचो बापूस इलो तरी त्येका नट गावाचो नाय!" ते म्हणाले.

कुलूपही नवीन आलं. दाबलं की बंद होणारं, चावीशिवाय. आणि तिघांनी नियम केला. ट्रेलरजवळून जो कोणी जाईल, त्याने कुलूप दाबायचं आणि तीन वेळा ओढून बघायचं. नंदूच्या घरात ही जुनी सवय. घर सोडून दूध आणायला गेले तरी तीन वेळा ओढणार! आता ती सवय तिघांना लागली. नंतर नंतर तर ते बोलता बोलता ओढायचे.

मी म्हटलं, "एवढं लोखंड बाहेर लावलंत, आत एक साधी कडी लावा."

"आतून उघडणारं दार म्हणजे चोराची सोयच!" बापट म्हणाला. विम्याच्या ऑफिसात हेच शिकवतात की काय, देव जाणे.

*

मग आम्ही मढला गेलो. एका ओळखीच्या माणसाच्या नारळाच्या वाडीत ट्रेलर लावला. अकराच्या सुमाराला मी साडी बदलायला आत गेले. वाऱ्याने उघडू नये म्हणून सुतळी बांधली. कुलूप बाहेर कडीला उघडंच लटकत होतं. बापट बाजूने गेला. कडी लावली, कुलूप दाबलं, तीन वेळा ओढलं. मला आतून खट, खट, खट ऐकू आलं. मी ओरडले, तोपर्यंत जीपजवळ त्यांची गाणी सुरू झाली होती. तिघं तरीच्या बोटीने वर्सोव्याला बर्फ आणि पापलेट आणायला निघाले. चावी नंदूच्या खिशात.

एप्रिल महिना, पत्र्याचा डबा. हसा!

हाक ऐकून वाडीजवळ मासे सुकवणारी एक कोळीण आली. तिने खिडकीच्या गजांतून मला पाण्याचा पेला दिला.

"बाय, चावी कुनाकडं हाय?"

"नवऱ्याकडे."

"बाप्या मानसाकडं? मंग बस आता," ती म्हणाली. पण गेली नाही. पेला भरभरून देत राहिली.

मी ते नट बोटांनी फिरवायचा प्रयत्न केला. नखं तुटली. रडले. खरं सांगते, मला वाटलं मी इथेच जाणार. दीड वाजता ते आले. माझा आवाज ऐकून नंदू धावत दाराशी आला, आणि त्याने पहिलं काय केलं असेल? कुलूप तीन वेळा ओढून बघितलं!

मी बाहेर आले, लाल, घामाने भिजलेली.

"पण सामान सेफ राहिलं ना?" बापट म्हणाला.

तळपायाची आग मस्तकात गेली! मी हातातला रिकामा पेला त्याच्या अंगावर फेकला. किश्श्यात हा भाग येतो. "मग शोभा जी भडकली!" नखांचा भाग येत नाही.

*

आतली कडी शेवटी मीच आणली, अंधेरीच्या हार्डवेअरवाल्याकडून. स्क्रूसकट. नंदूला दिली. "येत्या रविवारी लावू," तो म्हणाला. असे नऊ रविवार गेले. कडी वर्तमानपत्र उडू नये म्हणून टीपॉयवर ठेवायला छान उपयोगी पडत होती.

मध्ये तिघांनी आमच्या हॉलमध्ये मीटिंग घेतली. विषय : मढच्या प्रसंगानंतर ट्रेलरची सुरक्षा. मी कान देऊन ऐकत होते. पाऊण तास चर्चा झाली. ठरलं काय? चावी गळ्यात अडकवायला साखळी!

"वहिनी, आता चावी हरवूची नाय," सावंत कौतुकाने म्हणाले. नंदूने पहिल्या दिवशी साखळी घातली, दुसऱ्या दिवशी मान खाजते म्हणून काढली आणि फ्रिजवर ठेवली.

*

दहाव्या रविवारी तिघं ट्रेलरमध्ये जमिनीवर लिनोलियम अंथरत होते. सकाळचे नऊ, हवा गार. दार नुसतं लोटलेलं, कुलूप कडीला लटकलेलं. आतून नंदूची हाक आली, "शोभा, चहा टाक गं! मस्त आलं घालून!"

मी आधीच प्लॉटवर उभी होते. एका हातात पिशवी होती, पायाशी पाण्याचा तांब्या.

मी कडी लावली. कुलूप दाबलं. तीन वेळा ओढलं.

आतून कोणीतरी दार ढकलून बघितलं.

"कोण आहे रे?" बापट.

"वहिनी, मस्करी नको हां," सावंत.

"शोभा, चावी फ्रिजवर आहे," नंदू म्हणाला. आवाज अगदी गोड. "आण ना जरा."

मी खिडकीपाशी गेले. गजांतून आधी पाण्याचा तांब्या आत दिला. मग नवी कडी, स्क्रू, स्क्रूड्रायव्हर, हँडड्रिल. शेवटी पाना.

"हे काय?" नंदूने विचारलं.

"आतली कडी. लावा आणि बाहेर या. चहा टाकते."

"अगं, पण बाहेरून कुलूप आहे ना! बाहेरची कडी निघाल्याशिवाय आम्ही येणार कसे?"

"तिचे नट आतल्या बाजूला आहेत," मी म्हटलं. "चार. मी मोजलेत."