चाळीस मिनिटं

मशीन दुरुस्त झालं की उस्मानचाचा त्याचा प्लग काढायचे आणि समोर स्टूल टाकून बसायचे. बॅटरी संपून मशीन बंद पडेपर्यंत उठायचे नाहीत. "व्होल्टेज तोंडदेखलं असतं गो," मला म्हणायचे, "राबवून बघ, मग कळतो दम."

सौदीतल्या तबूकच्या आमच्या हॉस्पिटलात उपकरणं दुरुस्त करणारे आम्ही दोघेच मराठी. ते दापोलीकडचे, मी नाशिकची. मोडीत काढलेली मशीनं रीतसर परवानगी घेऊन ते नीट करायचे आणि आपल्या गावच्या दवाखान्याला पाठवायचे. तिथे वीज कधी जाईल याचा नेम नाही. "इथे लाइट गेली तर जनरेटर आहे. तिथे एक बॅटरी, नाही तर अल्ला!"

एका गुरुवारी सक्शन मशीन तयार झालं, नवजात बाळाच्या घशातला चिकटा ओढायचं. चाचांना इकाम्याच्या, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्याच्या कामाला जायचं होतं, म्हणून बॅटरी चालवून बघायचं काम माझ्याकडे आलं. गेटवर नवरा हॉर्न वाजवतोय, फोनवर लेक "मम्मा, कम ना!" म्हणून रडतेय. मी नुसता मीटर लावला. व्होल्टेज भरपूर दिसलं. चिठ्ठीवर ठोकून दिलं, "बॅटरीवर चाळीस मिनिटं". खलास!

दोन महिन्यांनी गावाहून फोन आला. बाळंतपणात वीज गेली आणि मशीन चार मिनिटांत बंद पडलं. नर्सबाईंनी नळी तोंडात धरून चिकटा ओढला, म्हणून बाळ वाचलं.

चाचांनी विचारलं, "तू चालवून बघितलंस ना गो?"

"हो चाचा, चाळीस मिनिटं."

देवा, किती सहज बोलून गेले मी! त्यांनी लगेच मान डोलावली. "मग माझ्याच हाताची खोट. चार्जिंगची वायरिंग मीच केलेली. पोरांच्या जिवाशी खेळ नको आता."

कपाटात तीन मशीनं तयार होती. ती त्यांनी पाठवलीच नाहीत. वर्षाच्या आत चाचा कायमचे गावी गेले. विमानतळावर त्यांची बॅग मी उचलली, पण तोंड उघडलं नाही. लाज वाटते मला माझी.

आता स्टूल टाकून मी बसते. नवी मुलं म्हणतात, मॅडम फार काटेकोर. मी कानकोंडी होते. चाचांच्या गावी त्यानंतर मशीन गेलं नाही. वीज अजून जाते.

ईदला मी फोन करते. ते विचारतात, "बॅटरी चालवून बघतेस ना गो?"

"हो चाचा."

"मग मला घोर नाही," ते म्हणतात. तेव्हाही माझी चिठ्ठी वाचून, हेच म्हणून त्यांनी ते मशीन खोक्यात भरलं होतं.